संगणक-स्मृतीची सुसंगतता

संगणकाच्या प्रक्रियकाला काम करीत असताना लागणारी माहिती व आज्ञा ज्या भागात तात्पुरत्या साठविल्या जातात, त्या भागाला मुख्य स्मृती म्हणतात. व्यवहारात तिला ‘रॅम’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. ही स्मृती ज्या मंडलफलकावर म्हणजे मदरबोर्डवर बसवावयाची तो फलक, ज्या प्रक्रियकाशी तिने माहितीची देवघेव करावयाची तो प्रक्रियक आणि स्वतः स्मृती या तिन्ही घटकांची रचना परस्परांशी जुळणे याला स्मृतीची सुसंगतता म्हणतात. ही जुळणी पाच बाबतींत व्हावी लागते : (१) आकार व जोडणी, (२) विद्युत् दाब, (३) स्पंदांचा वेग व विलंब, (४) एकाच वेळी वाहून नेल्या जाणाऱ्या द्विमान अंकांची (बिटांची) संख्या आणि (५) प्रक्रियकाला ओळखता येणाऱ्या स्मृतिस्थानांची कमाल संख्या. यांपैकी एका बाबतीत जरी मेळ बसला नाही, तरी संगणक सुरू होत नाही, अपुऱ्या क्षमतेने चालतो किंवा क्वचित प्रसंगी घटकाची हानी होते.

यावरून असे दिसते की, सुसंगतता हा स्मृतीच्या एखाद्या पट्टीचा स्वतंत्र गुणधर्म नाही. तो तीन पक्षांमधील करार आहे. संगणक-स्मृतीचा गेल्या सु. पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा करार लिहून ठेवण्याची जागा वेळोवेळी बदलत गेल्याचे आढळते. प्रथम तो यंत्र बांधणाऱ्यांच्या आराखड्यात होता. नंतर तो एकेका उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत आला. पुढे सर्व उद्योगाने मान्य केलेल्या मानकांत गेला. आणि आता त्याचा मोठा भाग प्रक्रियकाच्या अंतर्रचनेतच सामावला आहे. यंत्राचे आयुष्य किती आणि ते वाढविण्याचा अधिकार कोणाचा, हे या जागेवरून ठरते. या घडामोडींचे काही महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई व पुणे येथे, प्रत्यक्ष घडले असून त्यांचे परिणाम कोपरगावसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत.

प्रारंभीची यंत्रे : आज्ञा व माहिती एकाच स्मृतीत साठविण्याची कल्पना जॉन फोन नॉयमान यांच्या १९४५ मधील अहवालामुळे प्रसृत झाली. मँचेस्टर विद्यापीठातील प्रायोगिक यंत्रात (१९४८) ऋण किरण नलिकेच्या पडद्यावरील विद्युत् भाराच्या ठिपक्यांचा स्मृती म्हणून उपयोग केला होता. या यंत्रात प्रत्येकी ३२ द्विमान अंकांचे फक्त ३२ शब्द साठविता येत. केंब्रिज येथील एड्‌सॅक या यंत्रात (१९४९) पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून ध्वनिस्पंद फिरते ठेवून माहिती टिकविली जाई. या दोन्ही पद्धतींत स्मृती हा यंत्राचा अविभाज्य अवयव होता. एका यंत्राची स्मृती काढून दुसऱ्या यंत्राला लावणे अशक्य होते व तशी अपेक्षाही कोणाची नव्हती.

१९५३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील व्हर्लविंड यंत्रात जे डब्ल्यू फॉरेस्टर यांच्या मार्गदर्शनाखाली फेराइटच्या बारीक कड्यांची स्मृती बसविण्यात आली. या पद्धतीत प्रत्येक कड्यातून आडवी व उभी अशा तारा ओवलेल्या असतात. केवळ एका तारेतील प्रवाहाने कड्याचे चुंबकीकरण बदलत नाही. दोन्ही तारांतील प्रवाह एकाच वेळी मिळाले म्हणजेच ते उलटते. त्यामुळे हजारो कड्यांमधून नेमके एकच कडे निवडता येते. कड्याच्या चुंबकीकरणाची एक दिशा म्हणजे ० व विरुद्ध दिशा म्हणजे १ असे मानतात. वाचताना कड्यातील नोंद पुसली जात असल्याने ती लगेच पुन्हा लिहावी लागते. प्रवाहाचे मूल्य, स्पंदाची लांबी व पुनर्लेखनाची वेळ या सर्व गोष्टी प्रक्रियकाच्या मंडलांशी काटेकोरपणे जुळवाव्या लागत.

टिफरॅक : भारतात अशी जुळवणी प्रथम मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेत झाली. तेथे रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने प्रथम एक लहान प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये तयार केले आणि त्या अनुभवावर पूर्ण आकाराच्या यंत्राची उभारणी केली. हे यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले व १९६२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे ‘टिफरॅक’ असे नामकरण केले. निर्वात नलिकांवर चालणाऱ्या या यंत्राची फेराइट स्मृती ४० द्विमान अंकांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे एकूण ८१,९२० द्विमान अंकांची होती. आजच्या मापाने ही क्षमता सु. १० किलोबाइट इतकी भरते.

टिफरॅकच्या बाबतीत सुसंगततेचा प्रश्न आजच्या स्वरूपात उद्‌भवलाच नाही. शब्दाची लांबी, स्मृतीचा आकार, स्पंदांच्या वेळा व त्यांना चालना देणारी मंडले या सर्वांचा निर्णय एकाच गटाने घेतला होता. बिघाड झाल्यास तो कोठे आहे हे सांगणारी माणसे त्याच इमारतीत होती. करार लिहिणारे व तो पाळणारे एकच असल्याने कराराविषयी मतभेद होण्यास वाव नव्हता. मात्र याची दुसरी बाजूही होती : ते यंत्र जगात एकमेव असल्यामुळे त्याची स्मृती वाढविण्यासाठी बाजारातून काही विकत आणणे शक्य नव्हते; जे हवे ते पुन्हा आखून बांधावे लागले असते.

याच संस्थेत १९६४ मध्ये अमेरिकी बनावटीचे सीडीसी-३६०० हे यंत्र आले. त्याची शब्दलांबी ४८ द्विमान अंकांची होती. ४० अंकी शब्दांसाठी आखलेली स्मृती ४८ अंकी प्रक्रियकाला निरुपयोगी असते, हे सांगावयास नकोच. एकाच संस्थेतील ही दोन यंत्रे दोन वेगळ्या भाषा बोलत होती असे म्हणता येईल.

उत्पादकांच्या मालिका : एप्रिल १९६४ मध्ये आयबीएम या कंपनीने सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. तिच्यातील लहानमोठ्या यंत्रांवर एकच आज्ञावली चालू शकेल, हे तिचे वैशिष्ट्य होते. आठ द्विमान अंकांचा एक बाइट हे परिमाण या मालिकेमुळे रूढ झाले. पुढील काळात स्मृतीच्या रुंदी ८, १६, ३२, ६४ अशा क्रमाने वाढत गेल्या, त्याचे मूळ येथे आहे. या मालिकेची व तिच्यानंतरच्या ३७० मालिकेची यंत्रे मोठ्या संख्येने वापरात आल्यावर त्यांना जोडता येईल अशी अतिरिक्त स्मृती इतर उद्योगांनी बनवून कमी किमतीत विकण्यास प्रारंभ केला. स्मृती ही यंत्रापासून वेगळी अशी विक्रेय वस्तू होण्याची ही सुरुवात होय. तथापि, कराराचा मसुदा अद्याप एकाच कंपनीच्या हातात होता. इतरांनी फक्त तो वाचून त्याबरहुकूम वस्तू बनवावयाची होती.

अर्धसंवाहक स्मृती : आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये एक ट्रँझिस्टर व एक धारित्र यांच्या जोडीत एक द्विमान अंक साठविण्याची पद्धत शोधून काढली व १९६८ मध्ये तिचे एकस्व मिळविले. धारित्रातील विद्युत् भार क्षणार्धात गळून जात असल्याने तो दर सेकंदास अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. या पुनर्भरणाची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हा सुसंगततेतील एक नवा मुद्दा त्यामुळे निर्माण झाला. इंटेल या कंपनीने ऑक्टोबर १९७० मध्ये १,०२४ द्विमान अंकांची ‘११०३’ ही चकती बाजारात आणली आणि काही वर्षांतच फेराइट कड्यांची स्मृती मागे पडली.

१९७३ मध्ये मॉस्टेक या कंपनीने स्मृतिस्थानाचा पत्ता दोन हप्त्यांत पाठविण्याची युक्ती योजून ४,०९६ अंकांची स्मृती १६ पिनांच्या लहान आवरणात बसविली. हीच रचना १६,३८४ अंकांच्या ‘४११६’ या चकतीत व पुढे ६५,५३६ अंकांच्या ‘४१६४’ या चकतीत चालू राहिली. या दोन चकत्यांचे उदाहरण बोधप्रद आहे. दोन्हींना १६ पिना असून दोन्ही एकाच खोबणीत बसतात. परंतु ४११६ या चकतीस +१२, +५ व -५ व्होल्ट असे तीन विद्युत् दाब लागतात, तर ४१६४ या चकतीस फक्त +५ व्होल्ट पुरतात. जुन्या खोबणीतील आठव्या पिनेवर १२ व्होल्ट दाब असतो. नवी चकती त्याच पिनेवर ५ व्होल्टांची अपेक्षा करते. म्हणून केवळ खोबणीत बसते एवढ्यावरून नवी चकती जुन्या फलकावर लावल्यास ती निकामी होते. आकार जुळणे म्हणजे सुसंगती नव्हे, हा धडा येथून मिळतो. पुढील काळात पट्ट्यांना मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी खाचा ठेवण्याची जी पद्धत पडली, तिचा हेतू नेमका हाच होता की, जे विद्युत्-दृष्ट्या जुळत नाही ते खोबणीत शिरूच नये.

व्यक्तिगत संगणक : ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला व्यक्तिगत संगणक विक्रीस आणला. त्याच्या मूळ मदरबोर्डावर किमान १६ किलोबाइट स्मृती असून ती ६४ किलोबाइटपर्यंत वाढविता येई. बाइटातील आठ अंकांसाठी आठ व चूक ओळखण्यासाठी एक अशा नऊ चकत्यांची एक रांग बसवावी लागे. या यंत्राच्या तांत्रिक माहितीपुस्तिकेत मंडलांचे आराखडे छापलेले होते. यामुळे जगभरच्या लहान उद्योगांना त्याचे फलक व स्मृतिपत्रे बनविता आली. आधी कंपनीच्या कपाटात असलेला करार अशा रीतीने वाचकांच्या हाती आला.

प्रक्रियकागणिक पत्त्यांची मर्यादा व माहितीवाहिनीची रुंदी बदलत गेली. या संगणकातील ८०८८ या प्रक्रियकास २० अंकी पत्त्यामुळे १०,४८,५७६ बाइट ओळखता येत व त्याची बाह्य माहितीवाहिनी ८ अंकी होती. १९८२ मधील ८०२८६ हा प्रक्रियक १६ अंकी वाहिनीचा व २४ अंकी पत्त्याचा (१,६७,७७,२१६ बाइट), तर १९८५ मधील ८०३८६ हा दोन्ही बाबतींत ३२ अंकी (४,२९,४९,६७,२९६ बाइट) होता. प्रत्यक्षात मदरबोर्डावरील खोबणींची संख्या व नियंत्रक मंडलांची क्षमता यांमुळे ही कमाल मर्यादा क्वचितच गाठली जाई. तीन पक्षांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, त्याच्यावर संपूर्ण यंत्राची क्षमता ठरते, हा नियम तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

भारतात या काळात परिस्थिती वेगळी होती. आयबीएमने १९७८ मध्ये देशातील आपला व्यवसाय आवरला होता आणि सुट्या भागांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. नोव्हेंबर १९८४ मधील संगणक धोरणाने हे निर्बंध पुष्कळसे सैल केले व १९९१ नंतरच्या उदारीकरणाने ते आणखी कमी झाले. मुंबईतील डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला लॅमिंग्टन रोड, हा सुट्या भागांचा प्रमुख बाजार बनला. निरनिराळ्या कंपन्यांचे फलक, प्रक्रियक व स्मृती आणून संगणक जुळविण्याचा व्यवसाय वाढला. जुळवलेल्या संगणकात तिन्ही पक्ष वेगवेगळ्या देशांतून आलेले असत. त्यांचा मेळ घालण्याचे काम, जे टिफरॅकच्या काळी संशोधकांचे होते, ते आता दुकानदार व कारागीर यांच्याकडे आले.

स्मृतिपट्ट्या : सुट्या चकत्या एकेक करून खोबणीत बसविणे जिकिरीचे होते. पिना वाकत व चकत्या हळूहळू सैल होत. यावर उपाय म्हणून १९८३ मध्ये वँग लॅबोरेटरीज या कंपनीत अनेक चकत्या एका लहान फलकावर डाखलेली पट्टी तयार करण्यात आली. ही ‘सिम’ पट्टी प्रथम ३० पिनांची व ८ अंकी रुंदीची होती. त्यामुळे ३२ अंकी वाहिनी असलेल्या ८०३८६ किंवा ८०४८६ प्रक्रियकास अशा चार पट्ट्या एकदम व सारख्या क्षमतेच्या बसवाव्या लागत. नंतर ७२ पिनांची ३२ अंकी पट्टी आली. तेव्हा ८०४८६ ला एक पुरू लागली. परंतु १९९३ मध्ये आलेल्या पेंटियम प्रक्रियकाची वाहिनी ६४ अंकी असल्याने त्याला ७२ पिनी पट्ट्यांची जोडी आवश्यक झाली. १६८ पिनांची ६४ अंकी ‘डिम’ पट्टी प्रचारात आल्यावर पुन्हा एक पट्टी पुरेशी झाली. चार, एक, दोन व पुन्हा एक हा क्रम स्मृतीच्या दर्जावर अवलंबून नव्हता. वाहिनीच्या रुंदीला पट्टीच्या रुंदीने भागल्यास जो भागाकार येतो, तोच हा आकडा होय.

मानके : स्मृतीची देवघेव जगभर सुरू झाल्यावर सर्वमान्य मानकांची गरज भासली. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या जेडेक या संस्थेच्या समित्यांत स्मृती बनविणारे, प्रक्रियक बनविणारे व संगणक बनविणारे उद्योग एकत्र बसून मानके ठरवितात. स्पंदांशी समकालिक चालणाऱ्या स्मृतीचे (एसडीरॅमचे) मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. स्पंदाच्या चढत्या व उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती पाठविणाऱ्या दुहेरी वेगाच्या स्मृतीचे, म्हणजे डीडीआरचे, मानक २००० मध्ये आले. त्यानंतर डीडीआर-२ (२००३), डीडीआर-३ (२००७), डीडीआर-४ (२०१२) व डीडीआर-५ (२०२०) अशा पिढ्या क्रमाने आल्या.

प्रत्येक पिढीत विद्युत् दाब कमी होत गेला. एसडीरॅमसाठी तो ३·३ व्होल्ट होता. डीडीआरच्या पाच पिढ्यांसाठी तो अनुक्रमे २·५, १·८, १·५, १·२ व १·१ व्होल्ट आहे. मेजावरील संगणकांच्या पट्ट्यांच्या पिनांची संख्या याच क्रमाने १६८, १८४, २४०, २४०, २८८ व २८८ अशी आहे. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीची, तसेच चौथ्या व पाचव्या पिढीची पिनसंख्या सारखी असली, तरी त्यांच्या खाचांची जागा वेगळी असते व एकीची पट्टी दुसरीच्या खोबणीत बसत नाही. म्हणजे पिढ्यांच्या सीमेवर सुसंगतता नाही. एका पिढीच्या आत मात्र ती बऱ्याच प्रमाणात आहे. एकाच पिढीतील वेगवान व मंद पट्ट्या एकत्र लावल्यास सामान्यतः सर्व पट्ट्या मंद पट्टीच्या वेगाने चालतात.

पट्टीवर एका छोट्या कायम स्मृतीत तिची क्षमता, वेग व विलंब यांची नोंद ठेवण्याची पद्धतही याच काळात रूढ झाली. संगणक सुरू होताना मदरबोर्डावरील मूळ आज्ञावली ही नोंद वाचते व त्याप्रमाणे नियंत्रक जुळविते. करारनामा पट्टीबरोबरच प्रवास करू लागला असे यास म्हणता येईल.

मानकाबाहेरचा मार्ग कितपत टिकतो, हे रॅमबस स्मृतीच्या उदाहरणावरून दिसते. इंटेलने १९९९ पासून आपल्या नव्या प्रक्रियकांसाठी या कंपनीच्या रचनेचा पुरस्कार केला. तिच्या पट्ट्या महाग होत्या व रिकाम्या खोबणीतही प्रवाहमार्ग अखंड ठेवण्यासाठी एक कोरी पट्टी बसवावी लागे. नेहमीची स्वस्त स्मृती या नव्या रचनेच्या फलकांवर वापरता यावी यासाठी मध्ये एक रूपांतरक घटक घालण्यात आला; परंतु त्यातील दोषामुळे मे २००० मध्ये असे फलक परत घ्यावे लागले. २००१-०२ मध्ये इंटेलने पेंटियम-४ साठीही एसडीरॅम व नंतर डीडीआर वापरणारे फलक उपलब्ध केले व रॅमबस पट्ट्या मागे पडल्या. ज्यांनी त्या घेतल्या होत्या, त्यांच्या यंत्रांना पुढे स्मृती मिळणे दुरापास्त झाले.

नियंत्रकाचे स्थलांतर : स्मृतीला पत्ता देणे, पुनर्भरण करणे व वेळा सांभाळणे हे काम करणाऱ्या मंडलास स्मृति-नियंत्रक म्हणतात. व्यक्तिगत संगणकांत तो दीर्घकाळ मदरबोर्डावरील स्वतंत्र चकतीत असे. म्हणून त्याच प्रक्रियकासाठी दोन वेगळ्या प्रकारच्या स्मृतींचे दोन फलक मिळू शकत. एएमडी या कंपनीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन व ॲथलॉन-६४ या प्रक्रियकांत, तर इंटेलने २००८ च्या अखेरीस कोअर आय-७ मध्ये हा नियंत्रक प्रक्रियकाच्या आतच घेतला. अंतर कमी झाल्याने स्मृतीचा प्रतिसाद जलद झाला. परंतु कोणती स्मृती चालेल हे ठरविण्याचा अधिकारही फलकाकडून प्रक्रियकाकडे गेला.

ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती आणि महाराष्ट्रात तर ती आधीच वापरात आली होती. १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅकने) विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या टी-८०० मालिकेतील ट्रान्सप्यूटर हे प्रक्रियक वापरले होते. टी-८०० मध्ये ४ किलोबाइट अंतर्गत स्मृती, बाह्य स्मृतीचा नियंत्रक व पुनर्भरणाची सोय एकाच चकतीवर होती. बाह्य स्मृतीच्या वेळा यंत्र सुरू होताना ठरविता येत. प्रत्येक प्रक्रियकाची स्मृती स्वतंत्र असून प्रक्रियक परस्परांना संदेश पाठवून काम वाटून घेत. तथापि, ट्रान्सप्यूटरच्या पुढील पिढ्यांचा विकास खुंटल्यावर पुण्याच्या केंद्राला अन्य प्रक्रियकांकडे वळावे लागले. ‘परम ९०००’ व १९९८ मधील ‘परम १००००’ या यंत्रांत स्पार्क कुळातील प्रक्रियक आले. प्रक्रियक बदलला की फलक व स्मृती यांची रचनाही बदलावी लागते, याचा प्रत्यय या मालिकेत येतो. अनेक प्रक्रियक एकत्र चालविण्याचे ज्ञान पुण्यात टिकून वाढले. घटकांचा करार मात्र ते बनविणाऱ्यांच्या हाती राहिला.

तालुक्याच्या ठिकाणी : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कोपरगाव हे गोदावरीकाठचे गाव दौंड-मनमाड लोहमार्गावर असून त्याचा परिसर ऊस व साखर कारखाने यांसाठी प्रसिद्ध आहे. १९८३ मध्ये राज्य शासनाने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले, त्याच वर्षी येथे संजीवनी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे राज्यभर तालुक्याच्या गावी संगणकवर्ग निघाले. साखर कारखाने, पतसंस्था, बाजार समित्या, शाळा व कचेऱ्या अशा संस्था असलेल्या गावांत संगणकाचे अर्थकारण महानगरांपेक्षा वेगळे असते. यंत्र एकदा घेतले की ते शक्य तेवढी वर्षे वापरावयाचे, ही येथील रीत आहे. नवी आज्ञावली जड वाटू लागली की यंत्र बदलण्याऐवजी स्मृती वाढविणे हा सर्वांत स्वस्त उपाय असतो. तो साध्य होईल की नाही, हे सर्वस्वी सुसंगततेवर अवलंबून असते.

हा उपाय उपलब्ध नसला किंवा देखभाल परवडेनाशी झाली म्हणजे काय होते, याचे नोंदलेले उदाहरण दुसऱ्या एका ऊस-परिसरात आढळते. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे १९९८ मध्ये सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील ७० गावांसाठी संगणकजाळ्याची योजना सुरू झाली. शेतकऱ्याला उसाचे वजन, तोडणीचा क्रम व हिशेब गावातच कळावा हा तिचा एक उपयोग होता. काही वर्षांनी सात गावांत आठ महिने प्रयोग करून हीच माहिती भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांनी देण्यात आली. ही पद्धत संगणकांपेक्षा स्वस्त व शेतकऱ्यांना अधिक सोयीची ठरली. यावरून, ग्रामीण भागात संगणकाचे मूल्य त्याच्या खरेदीच्या किमतीपेक्षा तो चालू ठेवण्याच्या खर्चाने ठरते, असा निष्कर्ष निघतो.

निवडीचे निकष : चालू यंत्राची स्मृती वाढविताना प्रथम मदरबोर्डाच्या माहितीपुस्तिकेवरून स्मृतीची पिढी, खोबणींची संख्या, प्रत्येक खोबणीची कमाल क्षमता व एकूण मर्यादा पाहणे आवश्यक असते. त्यानंतर प्रक्रियकाची मर्यादा पाहावी लागते. कार्यकारी प्रणाली ३२ अंकी असल्यास सामान्यतः ४ गिगाबाइटपलीकडील स्मृती वाया जाते. मांडीवरील संगणकांच्या पट्ट्या आखूड असून त्या मेजावरील संगणकाला चालत नाहीत. सेवासंगणकांसाठी बनविलेल्या नोंदणीयुक्त पट्ट्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. परंतु साध्या फलकांवर त्या चालत नाहीत. तिसऱ्या पिढीत १·५ व्होल्टांच्या नेहमीच्या पट्ट्यांखेरीज १·३५ व्होल्टांवर चालणारा एक प्रकार असून काही प्रक्रियक फक्त या दुसऱ्या प्रकारासाठीच आखलेले असतात. इंटेलचे २०२१ मधील बाराव्या पिढीचे प्रक्रियक डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोन्ही स्मृती ओळखतात. तरीही कोणती बसेल हे खोबणीवरून, म्हणजे निवडलेल्या फलकावरून ठरते. याउलट एएमडीच्या २०२२ मधील एएम-५ खोबणीच्या प्रक्रियकांना फक्त डीडीआर-५ चालते. एकूण, प्रक्रियक परवानगी देतो व फलक तीतून एक निवडतो.

अलीकडील प्रवृत्ती : पातळ व हलक्या संगणकांत स्मृती मदरबोर्डावरच डाखण्याची, तर काही रचनांत ती प्रक्रियकाच्या आवरणातच ठेवण्याची पद्धत वाढली आहे. ॲपल कंपनीचा २०२० मधील एम-१ हा प्रक्रियक दुसऱ्या प्रकारचे उदाहरण होय. यामुळे जागा व वीज यांची बचत होते, वेग वाढतो आणि विसंगतीचा प्रश्नच राहत नाही. एका अर्थी ही रचना टिफरॅकच्या एकजीव रचनेकडे परत जाणारी आहे. फरक एवढाच की, टिफरॅकच्या वेळी एकजीव यंत्र बांधणारा गट व ते वापरणारी संस्था एकच होती. आता ते बांधणारा दूर असतो व वापरणाऱ्याला खरेदीच्या दिवशीच पुढील अनेक वर्षांची गरज ओळखावी लागते. या दोन टोकांमधील मार्ग म्हणून स्क्रूने बसविता येणाऱ्या चपट्या स्मृतिफलकाचे मानक जेडेकने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केले.

२०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून आलेल्या प्रचंड मागणीमुळे स्मृतीच्या किमती जगभर झपाट्याने वाढल्या. अशा वेळी एका यंत्रातून काढलेली पट्टी दुसऱ्या यंत्रात चालणे याला पुन्हा महत्त्व येते. भारत शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासंबंधी २०२२ मध्ये समिती नेमली असून १ एप्रिल २०२३ पासून इलेक्ट्रॉनीय कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे नवे नियम अंमलात आले आहेत. टाकून दिलेल्या यंत्रातील स्मृतिपट्टी बहुधा सुस्थितीत असते. तिच्याशी करार असलेले फलक व प्रक्रियक नाहीसे झाल्यामुळेच ती कचरा ठरते. सुसंगततेच्या मानकांचे सामाजिक मूल्य या वस्तुस्थितीत आहे. मानक जितके खुले व जितका दीर्घकाळ पाळलेले, तितके यंत्राचे आयुष्य अधिक व ते वाढविण्याचा निर्णय वापरणाऱ्याच्या अधिक स्वाधीन राहतो.